वायरमनचं परमिट कोणाच्या भाषेत?

गिरणी कामगार बंधूंनो,

साचा चालवायला तुमच्यापैकी कोणी इंग्रजी पुस्तक वाचून शिकला काय? जॉबरने दाखवलं, सोबत्याने समजावलं, चुकलं तिथे शिवी खाल्ली आणि हात बसला. हे सारं शिक्षण मराठीत झालं. मग बीड जिल्ह्यातली आपली भाऊबंदांची पोरं वायरमनच्या परीक्षेला बसतात, तेव्हा त्यांना हाताच्या कामाआधी शब्दांनीच का अडवावं?

१९५६ साल ध्यानात घ्या. त्या वर्षी भारतीय विद्युत नियम आले. ४५ व्या नियमाने सांगितलं की दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलणं असली किरकोळ कामं सोडून बाकी वीजजोडणी परवानेवाल्या ठेकेदाराने, दाखला असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली, परमिट असलेल्या हातांनीच करावी. पुढे २००३ चा वीज कायदा आला, सुरक्षेचे नियम २०१० आणि २०२३ साली नव्याने लिहिले गेले, तरी परमिटची अट सुटली नाही. सुटूही नये, विजेशी खेळ नाही.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बीड हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आलं. निजामाच्या अमलात सरकारी भाषा उर्दू, १९१८ चं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. कुणब्याच्या पोराला सरकारी कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. १९६० साली मराठी राज्य झालं ते हा जाच संपवण्यासाठीच ना? परमिट देतं ते राज्य सरकार. मग हा कागद मिळवण्याची वाटही आपल्या भाषेतूनच गेली पाहिजे.

परमिट नसलं की काय होतं ते बघा. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांचं पोर आयटीआयत वीजतंत्री नाहीतर तारतंत्री होतं, आणि दुसऱ्याच्या सहीखाली हेल्पर म्हणून राबतं. खांबावर हा, कागदावर तो! शॉक लागून हा पडला, तर तो कामावर होता हे सिद्ध करता करता घरच्यांच्या नाकी नऊ येतात. परळीला १९७१ पासून वीज केंद्र आहे, म्हणजे जिल्ह्याला वीज काही नवी नाही.

पण मराठी म्हणजे कोणती मराठी? ट्रान्सफॉर्मरला कोशात ‘रोहित्र’ म्हणतात, फ्यूजला ‘वितळतार’. शब्द चांगले आहेत, घडवणाऱ्यांवर आमचा राग नाही. पण गावात रोहित्राला ‘डीपी’ म्हणतात, आणि अर्थिंगला सगळे अर्थिंगच म्हणतात. प्रश्नात नुसता कोशातला शब्द आला, तर पोराला तोही इंग्रजीइतकाच परका. म्हणून आमची मागणी साधी आहे: प्रश्न मराठीत हवा, आणि कोशातल्या शब्दाशेजारी कामावरचा शब्दही छापलेला हवा.

अर्थिंगचंच घ्या. खड्ड्यात कोळसा आणि मीठ का घालतात, उन्हाळ्यात त्यात पाणी का ओततात, हे बीडच्या दुष्काळी जमिनीवर वाढलेल्या पोराला सांगावं लागत नाही. ओल गेली की जमीन वीज नीट घेत नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याच्या भाषेत विचारा, तो घडाघडा सांगेल.

पोरांनो, तुम्हालाही सांगतो. हात चालतो म्हणून पुस्तक सोडू नका. जुन्या नियमांत घरगुती दाबाच्या जोडणीची कसोटी दिली होती: तार आणि जमीन यांच्यात ५०० व्होल्ट एक मिनिट लावून रोध निदान एक मेगओहम भरला पाहिजे. हा आकडा नुसता पाठ करून भागत नाही. मेगरचा दांडा स्वतः फिरवून काटा कुठे थांबतो ते पाहिलं पाहिजे. हेल्परच्या हातात मेगर कोण देतो? कोणी नाही.

तो तुम्ही द्या, गिरण्या-सूतगिरण्यांतल्या परमिटवाल्या वायरमन बंधूंनो. दिवाळीनंतर आईबाप उसाच्या फडावर जातात, पोरं मागे राहतात. त्या दिवसांत सुट्टीवर गावी जाल, तेव्हा चावडीवर चार संध्याकाळी बसा. सोबत मेगर, टेस्टर आणि एक जळालेली मोटार घेऊन जा.