हत्यारपेटी : गाडीच्या पाठीवरचे डोळे

दोस्तांनो, आज आधी एक कोडं. गाडीचा असा कोणता दिवा आहे, जो गाडी चालवणाऱ्यासाठी नसतोच मुळी? तो लागला काय, नाही लागला काय, चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. कळतं ते मागून येणाऱ्याला. आणि कधी कधी फार उशिरा कळतं!

शीर्षक वाचून तुम्ही उत्तर ओळखलंच असेल. पण मला हे उत्तर कसं कळलं, ते ऐका.

दिवाळीची सुट्टी होती. आम्ही सगळे कराडहून गावाकडे निघालो होतो. पुढे दादाची जुनी गाडी, तीत दादा, वहिनी, आई आणि फराळाचे डबे. मागे मोटारसायकलवर मी, आणि माझ्या मागे माझी सहावीतली पुतणी. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट, हे सांगून ठेवतो, नाहीतर तुमचे आईबाबा मला रागावतील. दिवस मावळत आला होता. दादाने दिवे लावले होते आणि गाडीच्या मागचे दोन्ही लाल दिवे मंद दिसत होते. म्हणून मी निर्धास्त. अचानक ती गाडी एकदम मोठी होत होत माझ्या अंगावर यायला लागली! पुढे गतिरोधक होता, दादाने ब्रेक दाबला होता. पण मागचे दिवे होते तसेच मंद. मी करकचून ब्रेक मारला. मोटारसायकल हातभर अंतरावर थांबली. पुतणीचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्कन आपटलं.

घरी पोचल्यावर दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "मला तर काहीच जाणवलं नाही." खरंच होतं त्याचं. त्याला कसं जाणवणार?

"बल्ब गेले असतील, उद्या दोन आणू," दादा म्हणाला.

त्यावर पुतणी म्हणाली, "पण बाबा, मागे लाल दिवे होते की! बल्ब गेले असते तर ते कसे लागले?"

प्रश्न एकदम बरोबर. इथेच खरी गंमत आहे. पुष्कळ जुन्या गाड्यांत मागच्या दिव्याच्या बल्बमध्ये एक नाही, दोन तारा असतात. त्यांना फिलामेंट म्हणतात. एक बारीक, ५ वॅटची. ती रात्री सतत जळते आणि 'मी इथे आहे' एवढंच सांगते. दुसरी दणकट, २१ वॅटची. ती फक्त ब्रेक दाबला की पेटते आणि 'मी थांबतोय' असं ओरडून सांगते. काचेचा गोळा एक, पण कामं दोन. त्यामुळे एक तार तुटली तरी दुसरी चालू राहते आणि आपण फसतो. मी फसलो होतो तसा.

पुतणीने लगेच दुसरी शंका काढली, "पण दोन्ही बाजूंच्या मोठ्या तारा एकाच दिवशी कशा तुटतील?"

शाब्बास! दोन्हीकडचे ब्रेकचे दिवे एकदम बंद असतील, तर आधी बल्बवर संशय घ्यायचा नाही. दोघांना मिळून जे सामाईक आहे, ते तपासायचं. म्हणजे फ्यूज आणि ब्रेकच्या पायपट्टीजवळचं बटण. हे बटण आपल्या फ्रिजच्या दारातल्या बटणासारखं असतं. पायपट्टी वर असते तेव्हा ती बटण दाबून धरते आणि दिवा बंद राहतो. पाय दाबला की बटण सुटतं आणि दिवा लागतो. फ्रिजचं दार उघडल्यावर होतं, अगदी तसंच.

फ्यूज शाबूत होता. मग दादा गाडीत डोकं खाली घालून आडवा झाला, मी टॉर्च धरला. बटणाला लागणारी वायरची पिन निसटून लोंबत होती. आदल्याच दिवशी दादाने दिवाळी म्हणून गाडी आतून झाडून-पुसून लख्ख केली होती. पायाखालची साफसफाई करताना वायरला हिसका बसला असणार. वहिनी म्हणाली, "बघा, वर्षातून एकदा साफसफाई केली तर हे असं!"

पिन घट्ट बसवली. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. पुतणी गाडीच्या मागे, पण बाजूला उभी राहिली. (गाडीच्या बरोब्बर मागे कधीच उभं राहायचं नाही, गाडी बंद असली तरी.) दादाने ब्रेक दाबला.

"काका, उजवा लागला! डावा नाही!"

म्हणजे डावीकडची २१ वॅटची तार आधीच कधीतरी तुटली होती. केव्हा, देव जाणे. उजवा एकटाच किल्ला लढवत होता आणि घरात कुणाला खबर नव्हती.

आता बल्ब बदलायचा. हे काम मोठ्यांनी करायचं, तुम्ही हाताखाली राहायचं. दिवे बंद करा, किल्ली काढा, आणि बल्ब आत्ताच जळत असेल तर थंड होऊ द्या, फार भाजतो. आमच्या गाडीत डिकी उघडून आतून होल्डर फिरवून काढता आला. काही गाड्यांत बाहेरून लाल काचेचे स्क्रू काढावे लागतात. बल्ब आत दाबायचा, डावीकडे फिरवायचा की सुटतो. कानाजवळ हलवून पाहा, तुटलेल्या तारेचा बारीक किणकिण आवाज पुष्कळदा येतो. आता त्याच्या बुडाकडे नीट बघा. दोन बाजूंना दोन खुंट्या आहेत ना? एक जरा वर, एक जरा खाली. हे उगाच नाही. बल्ब उलटा बसू नये म्हणून ही युक्ती. उलटा बसला तर मोठी तार रात्रभर जळेल आणि ब्रेक दाबल्यावर छोटी मिणमिणेल, सगळाच घोटाळा. म्हणून बसत नसेल तर जोर करायचा नाही, अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवायचा. नवा बल्ब जुन्याएवढ्याच वॅटचा हवा. जास्त उजेडाच्या हौसेने मोठा घातला, तर उष्णतेने लाल काच वाकडी होते, कारण ती नावाचीच काच, खरं तर प्लास्टिक.

होल्डरमध्ये हिरवट बुरशीसारखं काहीतरी साठलं होतं. तो तांब्या-पितळेचा गंज. पावसाचं पाणी रबरी पट्टीतून आत झिरपलं की तो येतो. काचपेपरच्या बारीक तुकड्याने घासून काढला आणि चिरलेली पट्टीही बदलली. नुसता बल्ब बदलला असता, तर तोच दिवा पुन्हा रुसला असता.

एक भुताटकीही सांगून ठेवतो. कधी ब्रेक दाबला की त्याच बाजूचा इंडिकेटर मंद पेटतो किंवा मागचा दिवा इंडिकेटरबरोबर डोळे मिचकावतो. तिथे भूत नसतं, अर्थिंग सैल असतं. वीज बल्बमधून जाऊन गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परतते. ती वाट बंद झाली की ती शेजारच्या बल्बमधून चोरवाट काढते.

नव्या गाड्यांत बहुधा एलईडी असतात. ते वर्षानुवर्षं टिकतात आणि शिवाय चटकन लागतात. जुन्या बल्बची तार तापून पूर्ण उजळायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो. एवढासा वेळ? ताशी ६० किलोमीटरने मागून येणारी गाडी तेवढ्यात तीन मीटरहून जास्त पुढे येते! आमची मोटारसायकल हातभर अंतरावर थांबली होती, आठवतंय ना? एलईडीची एक खोड मात्र आहे. बऱ्याचदा तो सुटा बदलता येत नाही, अख्खा दिवाच बदलावा लागतो आणि खिसा रिकामा होतो.

आणि वीजच नसेल तर? उसाच्या हंगामात आमच्या भागात रात्री रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या असतात. कित्येकींना मागे दिवाच नसतो. अंधारात त्या अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. तिथे लाल रिफ्लेक्टर कामी येतो. तुमच्या सायकलच्या मागेही तो असतो. रात्री खोलीत अंधार करून टॉर्च डोळ्याशेजारी धरा आणि त्यावर उजेड टाका. कसा पेटल्यासारखा चमकतो! त्यात एकमेकांशी काटकोनात असलेल्या तीन-तीन पृष्ठभागांचे चिमुकले कोपरे असतात. उजेड जिथून आला तिकडेच ते परत पाठवतात. अशाच कोपऱ्यांची एक चौकट १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवली. पृथ्वीवरून सोडलेला लेसर तिच्यावरून परत येतो आणि चंद्राचं अंतर मोजता येतं.

दुसऱ्या दिवशी पुतणीने माझ्या मोटारसायकलचाही मागचा दिवा तपासला. पुसायच्या फडक्यावर जी धूळ निघाली, ती तिने वहिनीला मुद्दाम नेऊन दाखवली. दादा आता दर रविवारी गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करतो आणि ब्रेक दाबून आरशात भिंतीवरचा लाल उजेड बघतो. मदतनीस नसला तरी चालतं.

पुढच्या आठवड्यात सायकलचा डायनॅमो उघडू. घरात जुना, पडून राहिलेला असेल तर शोधून ठेवा.