फोटू तुह्या मोबाईलात, मले काय?

बाजाराच्या दिवशी मी भाजी आणायला जातो असं घरी सांगतो. खरं तर टपरीच्या बाकड्यावर बसून राहतो, हे या सदराच्या वाचकांना माहीत आहेच. तर त्याच बाकड्यावरून या आठवड्यात आंजीच्या बाजारात एक शहरी पोरगा पाहिला. गळ्यात हातभर लेन्सचा कॅमेरा, आणि समोर येईल त्याचा चेहरा टिपणं चालू. समोर येईल त्याचा म्हणजे सुरकुत्या असतील त्याचा. मोबाईलची कव्हरं विकणारा आमचा देखणा पोरगा केस सावरून, कॉलर ताठ करून उभा राहिला, त्याच्याकडे साहेबांनी ढुंकून पाहिलं नाही.

हे मला खटकतं. खेड्यातल्या माणसाचा फोटो काढायचा तर धोतर मळकं पाहिजे, दाढी पांढरी पाहिजे आणि तोंडात बिडी असली तर मग विचारूच नका. आमच्या वर्धा जिल्ह्याला याचा सराव आहे. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या जोरात होत्या तेव्हा गाड्या भरभरून कॅमेरे यायचे. बाईनं नवऱ्याची तसबीर मांडीवर घेऊन दारात बसायचं, हे जणू ठरूनच गेलं होतं. त्यातल्या किती बायांच्या हातात तो फोटो पुढं कधी पडला, कोणी विचारलं नाही.

मिरच्या विकणाऱ्या आजीनं मात्र विचारलं. पोरानं कॅमेरा रोखला तशी ती म्हणाली, "थांब बापू, पदर घेऊ दे." पदर डोक्यावर आला, पाठ ताठ झाली, हात मांडीवर, चेहरा तहसीलदारासमोर असावा तसा.

"आजी, असं नाही. नॅचरल राहा ना. मिरच्या निवडा."

"मिरच्या तं रोजच निवडतो बाप्पा. फोटू रोज निघते का?"

पोरानं खटाखट बटण दाबलं, पडद्यावरचा फोटो दाखवला, अंगठा वर केला. आजी म्हणाली, "अन् मले कधी देशीन?" पोरगा हसला. "तुह्या मोबाईलात राहून मले काय कामाचा?" यावरही तो हसलाच, आणि पुढच्या सुरकुत्यांकडे वळला.

वर्ध्यापलीकडच्या सेवाग्रामात या बाबतीत शिस्त होती. आश्रमातल्या कनू गांधींना बिर्लांनी कॅमेऱ्यासाठी १०० रुपये दिले, तेव्हा बापूंनी तीन अटी घातल्या : फ्लॅश मारायचा नाही, पोज द्यायला सांगायचं नाही, आश्रमाकडून पैसा मिळणार नाही. १९४६ मध्ये मार्गारेट बर्क-व्हाइट पुण्यात बापूंचा फोटो काढायला आल्या, तर बापूंच्या चिटणिसांनी त्यांना आधी सूत कातायला शिका म्हणून सांगितलं. सगळ्यांना कुठून असे चिटणीस मिळणार! पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीतल्या हिरव्या डोळ्यांच्या मुलीचा फोटो स्टीव्ह मॅककरींनी १९८४ मध्ये काढला. पुढच्या वर्षी तो नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर आला, जगभर गेला. तिचं नाव शरबत गुला, हे जगाला कळलं २००२ मध्ये. तिनंही तो फोटो तेव्हाच पहिल्यांदा पाहिला.

पोरगा गेल्यावर मी आजीला विचारलं, "काहून एवढा पाह्यजे फोटू?" ती म्हणाली, "भिंतीले लावाले. नाई तं माह्या मागं पोट्टे आधार कार्डावरचा लावतीन. त्यात मी चोरावानी दिसतो."

खरं आहे. आजकाल आमच्याकडे निम्मे दिवंगत हार घालून आधार कार्डातूनच पाहतात. ज्यांचं तेही कार्ड खराब झालं, त्यांना लग्नाच्या ग्रुप फोटोतून कापून काढावं लागतं. तेरवी तोंडावर आलेली, घरचे धावत स्टुडिओत जातात. तिथला कलाकार मागं निळं आकाश घालतो, केस काळे करतो आणि विचारतो, "कोट टाकू का?" जन्मभर बंडीवर राहिलेली माणसं या प्रश्नापायी मेल्यावर टायसकट भिंतीवर चढली आहेत. बायांना गळाभर दागिने मिळतात, तेही जिवंतपणी न मिळालेले.

आमच्या काकांचं असंच झालं. फोटोत त्यांच्या शेजारी इवाई, म्हणजे व्याही, उभे होते, काकांच्या खांद्यावर हात टाकून. स्टुडिओवाल्यानं इवायांना पुरतं पुसलं, काकांना सुटाबुटात बसवलं, पण खांद्यावरची चार बोटं तशीच राहिली. तेरवीच्या पंगतीत कोणाच्या लक्षात आलं नाही. दिवाळीला इवाई आले, चहाचा कप हातात घेऊन तसबिरीपुढं बराच वेळ उभे राहिले. काकूला वाटलं, गहिवरले. तर म्हणाले, "इहीनबाई, हे अंगठी माही हाय. अन् मी कुठी गेलो?"

काकूनं फोटो बदलायचं मनावर घेतलं नाही. कोट त्यांना शोभतो, म्हणते.