भूगोल गायला लावणारा राजा

मंडळी, तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजे भोसल्यांचं नाव निघालं की लोक सरस्वती महाल ग्रंथालयाबद्दल बोलतात. मला मात्र त्यांचं एक नाटक जास्त भावतं.

१७९८ ला राजे गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने कारभार कंपनीकडे गेला. उरला किल्ला आणि तनखा. दुसरा कुणी रडत बसला असता. मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीत शिकलेल्या या राजाने दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड उभा केला, नर्तकांना, वादकांना आश्रय दिला. आणि 'देवेंद्र कुरवंजी' लिहिलं. कुरवंजी हा तमिळ लोकांचा नाट्यप्रकार. त्यात भविष्य सांगणारी भटकी कुरव बाई येते. राजांनी तो मराठीत आणला आणि त्यात चक्क जगाचा भूगोल घातला!

माझ्या मते लोककलेला आश्रय द्यायचा तो असा. आमच्या चांदूर रेल्वेकडे, वऱ्हाडात, दंडार आहे. पण तिला आपण काय देतो? महोत्सवात दहा मिनिटं, शाल, श्रीफळ, फोटो. आपण आयटीवाले वर्गणी देऊन मोकळे! बिदागी चोख हवीच, त्यात वाद नाही. पण कलावंतांसोबत बसून कापसाचा भाव, पीकविमा, मोबाईलवरची फसवणूक हे विषय दंडारीत आणायला कोण जातं? नुसती जपून ठेवलेली कला शोभेची होते. आजचं काही सांगू लागली, तर गावच तिला पुन्हा बोलावेल.

सरफोजीराजांकडे राज्य नव्हतं. आपल्याकडे तर शनिवार-रविवार आहेत. बघा, जमतं का!