सरासरीने पोट भरत नाही

"महाराष्ट्र श्रीमंत राज्य आहे, मग तुमची तक्रार कसली?" हा सवाल आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. वसतिगृहासाठी, शिष्यवृत्तीसाठी किंवा मोहल्ल्यातल्या दवाखान्यासाठी कुणी तोंड उघडले की समोरून एक आकडा फेकला जातो. राज्याच्या २०२४-२५ च्या आर्थिक पाहणीतला दरडोई उत्पन्नाचा अंदाज आहे ३,०९,३४० रुपये. विषय संपला!

नाही, विषय इथूनच सुरू होतो. या हिशोबाने पाच माणसांच्या घरात महिन्याला १ लाख २८ हजारांहून जास्त यायला हवेत. बेलपाड्यात भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या गवंड्याला किंवा शेजारच्या टॉवरमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बाईला विचारा, हे पैसे कुठे गेले? ते त्यांच्याकडे कधी आलेच नव्हते. दरडोई उत्पन्न हा कुणाचा पगार नसतो, तो फक्त भागाकार असतो. खोलीत दहा जण आहेत, एकाने दहाही भाकरी खाल्ल्या, नऊ जण उपाशी झोपले, तरी सरासरी निघते माणशी एक भाकरी.

बेलपाडा हे नाव आता मेट्रोच्या स्थानकावर झळकते. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर गाडी धावते. मेट्रो आली हे चांगलेच झाले. पण हे शहर उभे कसे राहिले? १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. रास्त मोबदला मागणाऱ्या शेतकऱ्यांवर जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान परिसरात गोळ्या झाडल्या गेल्या, पाच जण मेले. आता राष्ट्रीय उत्पन्नाचा हिशोब बघा. शेतकऱ्याने पिकवून घरीच खाल्लेला भातही त्यात धरतात. शेत गेले की तेवढी रक्कम वजा होते, पण त्या जागी इमारत चढली की मजुरी, बिल्डरचा नफा आणि एजंटचे कमिशन धरून आकडा कितीतरी पटीने फुगतो. ज्याची जमीन गेली त्याच्या पोराला पुढे कोणते काम मिळाले, याचा रकानाच तिथे नसतो.

जिल्ह्याचे उत्पन्न काढतानाही ते कुठे निर्माण झाले हे बघतात, कुणाच्या घरी गेले हे नाही. जेएनपीए बंदर, तळोज्याचे कारखाने, डोलवीचा पोलाद प्रकल्प या सगळ्यांची भर रायगडच्या खात्यात पडते. नफा मात्र भागधारक जिथे असतील तिथे जातो.

आता घरात या. नळाला पाणी आले नाही म्हणून टँकर मागवला, उत्पन्न वाढले. महामार्गावर तासभर अडकून पेट्रोल जाळले, उत्पन्न वाढले. डेंग्यू झाला, खासगी दवाखान्याचे बिल भरले, तरी वाढले. अम्मीने पहाटे उठून पाणी भरले, डबे केले, आजारी दादीला सांभाळले, त्याची नोंद शून्य. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला २८९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ८८. सरकार हे काम मोजत नाही, पण भाईजान, आपण तरी कुठे मोजतो?

मग आकडे फेकून द्यायचे का? अजिबात नाही. "सगळे आकडे खोटे" म्हणणारा आपला मित्रही समोरच्याचेच काम सोपे करतो. या देशात दरडोई उत्पन्न पहिल्यांदा मांडले ते दादाभाई नौरोजींनी, इंग्रज सरकारला जाब विचारायला. १८७० च्या दशकात त्यांनी वर्षाला माणशी २० रुपये हा अंदाज काढला आणि तुरुंगातल्या कैद्याच्या खाण्या-कपड्याच्या खर्चाशी ताडून दाखवला. अमेरिकेत सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल दिला, तेव्हा त्यातच बजावले होते की यावरून लोकांचे भले-बुरे ठरवू नका. महबूब उल हक यांच्या पुढाकाराने १९९० मध्ये पहिला मानव विकास अहवाल निघाला आणि उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान व शिक्षण बसवले गेले. सच्चर समितीने २००६ मध्ये देशाची सरासरी फोडून त्यात मुसलमान कुठे उभा आहे ते दाखवले. महाराष्ट्रात हेच काम महमूद-उर-रहमान समितीने केले. यांपैकी कुणीही आकडा नाकारला नाही. प्रत्येकाने पुढचा प्रश्न विचारला.

तो प्रश्न आता आपण विचारायचा. पनवेल महापालिका २०१६ पासून आहे. प्रभागवार माहिती मागा, अर्ज माहितीच्या अधिकारात करा. पाणी किती तास येते? आठवीनंतर किती मुले-मुली शाळा सोडतात? एका आरोग्य केंद्रामागे किती माणसे आहेत? उत्तर आले नाही तर वही घेऊन एक गल्ली स्वतः फिरा. फक्त आपल्याच घरांची दारे ठोठावू नका. शेजारचे आगरी कुटुंब आणि बिहारहून आलेला मजूर त्याच सरासरीखाली गाडले गेले आहेत.

पुढच्या वेळी कुणी तीन लाखांचा आकडा फेकला, तर चिडू नका, वही उघडा. त्यांच्याकडे भागाकार आहे. आपल्याकडे घरांचे क्रमांक असायला हवेत.