हौशी जीवाश्मशोधकांना हाकलू नका, शिस्त लावा

अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात बॅडलँड्स नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. म्हणायला उद्यान, प्रत्यक्षात पांढुरक्या-गुलाबी मातकट खडकाच्या उघड्याबोडक्या टेकड्या आणि पावसाने चिरत नेलेल्या घळी. १९९३ मध्ये तिथे फिरायला आलेल्या दोघांना सहलीच्या जागेजवळ जमिनीतून डोकावणारी मोठी हाडे दिसली. त्यांनी ती उपटली नाहीत, उद्यानाच्या कर्मचाऱ्यांना कळवले. चार दिवसांत उरकेल असे वाटलेले उत्खनन २००८ पर्यंत, पंधरा उन्हाळे चालले आणि हाडांची संख्या १९ हजारांच्या वर गेली. सुरुवातीला हा प्राणी डुकरासारखा दिसणारा आर्किओथेरियम असावा असे वाटले, म्हणून त्या खड्ड्याला 'बिग पिग डिग' म्हणू लागले. पुढे तो बिनशिंगी गेंडा निघाला, पण पडलेले नाव तसेच राहिले. सुमारे ३ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी आटत चाललेल्या एका पाणवठ्याच्या चिखलात रुतून मेलेल्या जनावरांचा तो साठा होता. उजाड, वाळवंटी मुलखात जीवाश्म शोधत भटकण्याचा छंद चांगला की वाईट, हा वाद जुना आहे. त्याचे उत्तर या एका घटनेत बरेचसे सापडते. विज्ञानाला हौशी माणसाचे डोळे हवे आहेत; त्याच्या हातांना मात्र आवर हवा.

डोळे का हवेत, हे आधी पाहू. जीवाश्म सगळीकडे असू शकतात, पण दिसतात तिथेच जिथे माती आणि झाडोरा यांचे पांघरूण नसते. म्हणून कच्छ, जैसलमेर, मंगोलियाचे गोबी वाळवंट, अमेरिकेचा पश्चिम भाग अशा रखरखीत प्रदेशांकडे अभ्यासकांची धाव असते. बॅडलँड्समधला खडक वर्षाला साधारण एक इंच झिजतो. ही झीज दुधारी आहे. जो पाऊस कवटीवरचा थर धुऊन नेतो, तोच पुढच्या काही हंगामांत त्या कवटीचाही भुगा करतो. हाड उघडे पडणे आणि नाहीसे होणे यांच्यामध्ये थोडाच अवधी असतो आणि नेमक्या त्या अवधीत जाणती नजर तिथून जावी लागते. हजारो चौरस किलोमीटरच्या घळी आणि हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके संशोधक, असे हे व्यस्त प्रमाण आहे. त्यामुळे 'जीवाश्म जमिनीत सुरक्षित आहेत, लोकांनी तिकडे फिरकू नये' हे म्हणणे ऐकायला सोज्वळ असले तरी निसर्गाच्या हिशेबात बसत नाही. २०२२ मध्ये नॉर्थ डकोटात भटकणाऱ्या तीन शाळकरी मुलांना एका मोठ्या पायाचे हाड दिसले. घरच्यांनी त्याचा फोटो ओळखीच्या जीवाश्मतज्ज्ञाला पाठवला. रीतसर परवानगी काढून डेन्व्हरच्या संग्रहालयाने खोदकाम केले, तेव्हा ते अल्पवयीन टी. रेक्सचे निघाले. अशा वयाचे टी. रेक्स फार दुर्मीळ आहेत.

भारतातही वेगळे घडलेले नाही. १८२८ मध्ये जबलपूरजवळ डायनासोरची हाडे पहिल्यांदा उचलली ती विल्यम स्लीमन या लष्करी अधिकाऱ्याने. ठगांच्या बंदोबस्तासाठी पुढे गाजला तोच हा स्लीमन. विदर्भाच्या जीवाश्मांची ओळख जगाला करून देण्यात मोठा वाटा स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याचा. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला नाव त्याचेच. धर्मप्रसार आणि शाळा सांभाळून त्याने नागपूर-चांद्याचे खडक पालथे घातले आणि १८५५ मध्ये सहकारी रॉबर्ट हंटर याच्यासह त्यावर शोधनिबंध लिहिला. आजचे उदाहरण हवे असेल तर मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात शाळेत शिकवणारे विशाल वर्मा आहेत. नर्मदेच्या खोऱ्यातल्या डायनासोरच्या ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची माहिती देणारा जो शोधनिबंध २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांत दिल्ली विद्यापीठाच्या प्राध्यापकांबरोबर त्यांचेही नाव आहे. पोटापाण्याचा उद्योग वेगळा आणि ध्यास दगडांचा, अशा माणसांना वगळले तर आपल्या जीवाश्मशास्त्राच्या इतिहासाची पहिली पाने कोरी राहतील.

मग हातांना आवर कशासाठी? सापडलेला शंख किंवा हाड घरच्या कपाटात गेले तर बिघडले काय? जीवाश्माची निम्मी किंमत त्याच्या अंगात असते आणि उरलेली निम्मी त्याच्या जागेत. तो कोणत्या थरात होता, कोणत्या दिशेला आडवा पडला होता, शेजारी काय होते, वर-खाली राखेचा पट्टा होता का, यावरून त्याचे वय आणि त्याच्या मरणाची हकीकत कळते. चंद्रपूर जिल्ह्यातले पिसदुरा घ्या. तिथल्या शेतजमिनीत विष्ठेचे दगड झालेले गोळे सापडतात. दिसायला अगदी सामान्य, दिवाणखान्यात ठेवावेत असे तर मुळीच नाहीत. पण २००५ मध्ये भारतीय आणि परदेशी शास्त्रज्ञांनी त्यांच्यात गवताचे सूक्ष्म सिलिका-कण दाखवून दिले आणि डायनासोर नामशेष होण्याआधीच पृथ्वीवर गवत उगवले होते, हे सिद्ध झाले. तोवर गवत पुष्कळ उशिराचे मानले जात होते. हे गोळे कोणत्या थरातले आहेत हे ठाऊक होते म्हणूनच तो निष्कर्ष टिकला. तोच गोळा कुणी पिशवीत घालून नेला असता आणि वीस वर्षांनी 'विदर्भात कुठेतरी सापडला' म्हणून प्रयोगशाळेत आणून दिला असता, तर त्यातल्या गवताने काहीही सिद्ध केले नसते.

उचललेली वस्तू परत केली म्हणजे चूक दुरुस्त होते, हाही भ्रमच आहे. ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे वृक्ष रंगीबेरंगी गारगोटीचे होऊन उघड्या वाळवंटात पडले आहेत. तिथून खिशात घालून नेलेले तुकडे लोक अनेक दशकांपासून टपालाने परत पाठवत आले आहेत. सोबत माफीची पत्रे असतात. कुणाचे लग्न मोडले, कुणाची नोकरी गेली, कुणाचे कुत्रे आजारी पडले आणि खापर त्या दगडावर फुटले. उद्यानाला मात्र हे तुकडे पुन्हा माळावर ठेवता येत नाहीत. कोणता तुकडा कोणत्या थरातला हे आता कुणालाच सांगता येणार नाही आणि अंदाजाने ठेवला तर पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल होईल. म्हणून कर्मचाऱ्यांच्या वापरातल्या एका रस्त्याकडेला त्यांचा ढीग लावला आहे. त्याला 'सदसद्विवेकाचा ढीग' अशा अर्थाचे नाव पडले आहे. दगड परत आला, पण त्याचा पत्ता हरवला तो कायमचा.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, मग सरसकट बंदी घाला, जागोजागी ताकीद लावा. पण बंदीचा धाक नेहमी अपेक्षित परिणाम करतोच असे नाही. याच उद्यानात समाजमानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सियाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी पायवाटांवर खुणा केलेले तुकडे ठेवून प्रयोग केला. 'आजवर अनेकांनी तुकडे नेल्याने उद्यानाचे रूप पालटले' अशा अर्थाची पाटी लावली तेव्हा जवळपास आठ टक्के तुकडे चोरीला गेले. 'तुकडे नेऊ नका' एवढेच साधेपणाने सांगितले तेव्हा हे प्रमाण दोन टक्क्यांच्याही खाली राहिले. सगळेच नेतात असे कळले की आपणही नेले तर काय, असा माणसाचा कल होतो. त्यामुळे हौशी लोकांना घाऊक चोर ठरवणारी भाषा चोरीलाच हातभार लावते. काय चालते आणि काय चालत नाही, हे स्पष्ट सांगणारा नियम त्याहून उपयोगी पडतो. अमेरिकेने २००९ च्या कायद्याने तो घालून दिला आहे. राष्ट्रीय उद्यानांत काहीही उचलायचे नाही. इतर बऱ्याच केंद्रीय सार्वजनिक जमिनींवर शंख-शिंपले आणि वनस्पतींचे सर्रास आढळणारे जीवाश्म स्वतःसाठी, साध्या हत्यारांनी, बेताने घेता येतात. विकता मात्र येत नाहीत. दगड झालेल्या लाकडाला तर वजनाची मर्यादाच आहे: दिवसाला २५ पौंड, म्हणजे साधारण ११ किलो आणि वर एक तुकडा. पाठीचा कणा असलेल्या प्राण्याचे हाड दिसले, तर परवान्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. सर्रास मिळते ते छंदाला आणि दुर्मीळ ते अभ्यासाला, अशी ही वाटणी आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: छंदाला मोकळीक दिली की मागोमाग बाजार येतो. ही भीती खरी आहे. अमेरिकेत खासगी जमिनीवरचा जीवाश्म जमीनमालकाच्या मालकीचा असतो. 'स्टॅन' हा टी. रेक्स २०२० मध्ये ३ कोटी १८ लाख डॉलरना आणि 'एपेक्स' हा स्टेगोसॉरस २०२४ मध्ये ४ कोटी ४६ लाख डॉलरना लिलावात गेला. असे आकडे फुटू लागले की संग्रहालयांच्या हाती बघत बसण्यापलीकडे काही उरत नाही. गोबीतून चोरून नेलेला टार्बोसॉरस २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेला होता. मंगोलियाने दाद मागितली, तेव्हा कुठे २०१३ मध्ये तो मायदेशी परतला. पण हा दोष छंदाचा नसून विक्रीचा आहे. विक्रीला मज्जाव हाच छंद आणि धंदा यांच्यातला बांध आहे. तो पक्का ठेवला, तर रविवारी घळीत फिरणारा शिक्षक आणि तस्कर एकाच पंगतीत बसणार नाहीत.

उलट बाजूने, हौशी मंडळींकडूनही एक युक्तिवाद येतो. पावसाने भुगा होण्यापेक्षा आमच्या कपाटात टिकले तर वाईट काय? आणि तज्ज्ञ तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत? दुसऱ्या प्रश्नात तथ्य आहे. साउथ डकोटातच १९२२ मध्ये 'फॉसिल सायकॅड' नावाचे राष्ट्रीय स्मारक घोषित झाले होते. तिथले जमिनीवर दिसणारे जीवाश्म लोकांनी उचलून नेले आणि मोठा साठा अभ्यासासाठी म्हणून विद्यापीठात गेला. दाखवण्यासारखे काही उरले नाही, तेव्हा १९५७ मध्ये स्मारकाचा दर्जाच रद्द करण्यात आला. म्हणून नियम पदवी पाहून बदलता कामा नये. मात्र पहिल्या प्रश्नाचे उत्तर आज प्रत्येकाच्या खिशात आहे. फोनने फोटो काढायला, शेजारी मापासाठी पेन ठेवायला आणि जागेचे अक्षांश-रेखांश साठवायला दगड उचलण्याहून जास्त वेळ लागत नाही. पूर्वी 'न्यावे की सोडून द्यावे' एवढे दोनच पर्याय होते. आता कळवण्याचा तिसरा आहे आणि तो फुकट आहे.

आपल्याकडे खरी उणीव या तिसऱ्या पर्यायाच्या पलीकडच्या टोकाला आहे. कळवायचे कुणाला? कच्छच्या माळावर शाळिग्रामाच्या जातकुळीतले अमोनाइटचे शंख पायाखाली येतात, जैसलमेरजवळ आकल इथे दगड झालेले वृक्ष आहेत, गडचिरोलीत सिरोंचाजवळ वडधमला तसेच जीवाश्म उद्यान आहे. ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा 'वासुकी इंडिकस' हा महाकाय साप कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत मिळाला आणि २०२४ मध्ये जगापुढे आला. त्याचे २७ मणके अभ्यासकांच्या नजरेस पडले. खाणीच्या यंत्राखाली किती गेले याचा हिशेब कुणाकडेच नाही. रस्ते, खाणी आणि इमारतींसाठी जो डोंगर एका आठवड्यात कापला जातो, त्याच्या तुलनेत हौशी माणसाचा हातोडा किरकोळ आहे. केंद्रीय खाण मंत्रालयाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये भूवारसा स्थळे आणि भू-अवशेष यांच्या जतनासाठीच्या विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी खुला केला. त्याचा भर शासकीय अधिकार आणि शिक्षा यांवर आहे. शिक्षा हवीच, पण नुसत्या शिक्षेने माहिती येत नाही. जीवाश्म सापडल्याचे सांगितले तर जमीन जाईल किंवा चौकशी मागे लागेल असे वाटले, की शेतकरी तो दगड मुकाट्याने बांधात घालतो.

म्हणून या कायद्यात चार गोष्टी आवर्जून हव्यात. विक्री आणि निर्यातीवर पूर्ण बंदी. सर्रास आढळणाऱ्या शंख-शिंपल्यांना मर्यादित मोकळीक आणि हाडे-अंडी-पाऊलखुणांना परवान्याखेरीज हात न लावण्याचा नियम. जीवाश्म कळवणाऱ्याला ठरावीक मुदतीत उत्तर आणि शोधाच्या नोंदीत त्याचे नाव. आणि सापडलेली वस्तू शक्यतो त्याच जिल्ह्यात पाहायला मिळेल अशी सोय. एवढे मनुष्यबळ कुठून आणायचे, असे विचारले जाईल. प्रत्येक फोटोमागे अधिकारी धावण्याची गरज नाही. भूशास्त्र शिकवणारी महाविद्यालये आपल्याकडे आहेत. त्यांच्या विभागांनी पहिली छाननी केली आणि शंभरांतल्या दोन-चार जागा पुढे कळवल्या तरी पुष्कळ झाले. विद्यार्थ्यांना त्यातून क्षेत्रीय काम मिळेल ते वेगळेच.

तोवर कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. सुट्टीत कच्छला, जैसलमेरला किंवा चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूला जाणार असाल आणि घळीत एखादे हाड, अंडे, पाऊलखूण दिसली, तर ती जिथे आहे तिथेच राहू द्या. फोटो काढा, जागा टिपून ठेवा आणि जवळच्या भूशास्त्र विभागाला किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा.