आराखडा पालकांचा, रक्कम पटावर

विशेष प्रतिनिधी

शाळेच्या खर्चाबाबत पालकांना काही अधिकार आहे का? कायद्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी, पालिका-जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक आहे. तिचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक, तर एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे ही तिची प्रमुख कामे. कलम २२ तर याहून पुढे जाते. सरकारी अनुदानाचा आधार हाच आराखडा असेल, असे ते सांगते.

प्रत्यक्षात गणित उलट मांडले जाते. २०१८ मध्ये समग्र शिक्षा योजना आली आणि शाळांना मिळणारी वेगवेगळी छोटी अनुदाने एकत्र करून संयुक्त शाळा अनुदान सुरू झाले. त्याची रक्कम ठरते ती पटसंख्येवर. आराखड्यात काय लिहिले आहे, याचा तिच्याशी संबंध नाही. योजनेच्या निकषांनुसार नव्वद पटाच्या शाळेच्या वाट्याला वर्षाला २५ हजार रुपये येतात. त्यातील किमान दहा टक्के स्वच्छतेसाठी राखून ठेवायचे. उरलेले साडेबावीस हजार म्हणजे महिन्याला १,८७५ रुपये. वीजबिल, पाणी, खडू, शैक्षणिक साहित्य, खेळाचे सामान आणि किरकोळ दुरुस्ती हे सारे त्यातच! नवी वर्गखोली वा स्वच्छतागृह हवे असेल, तर तो निर्णय जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यातून राज्याकडे आणि तेथून दिल्लीतील प्रकल्प मान्यता मंडळाकडे जातो.

त्यातच २०२१ पासून केंद्राने निधीवितरणाची पद्धत बदलली. राज्याचे एकच मध्यवर्ती खाते आणि शाळांची शून्य शिल्लक खाती, अशी ही रचना. पैसा पडून राहू नये, हा हेतू योग्यच; पण खर्चाची मर्यादा वर्ष सरताना मिळाली की मार्चअखेरची घाई ओघाने येते. अशा वेळी चर्चेला वाव उरत नाही, पालक-अध्यक्षांची सही तेवढी लागते. रोजंदारीवर जाणाऱ्या आईने शाळेच्या वेळेतील बैठकीसाठी अर्ध्या दिवसाची मजुरी का बुडवावी, याचे उत्तर उदासीनतेचा ठपका ठेवणाऱ्यांकडे नसते.

शहरी मध्यमवर्गाला हा प्रश्न दूरचा वाटतो, कारण त्यांची मुले ज्या विनाअनुदानित शाळांत जातात त्यांना ही समिती लागूच नाही. तेथे शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीला राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने फीबाबत अधिकार दिला. फी गोळा झाल्यावर तिचा विनियोग ठरवण्यात मात्र पालकांना फारसे स्थान नाही.

समित्यांसाठी प्रशिक्षणे होतात, पुस्तिका निघतात. परंतु आराखड्यातील कोणती मागणी मान्य झाली, कोणती फेटाळली आणि का, हे शाळेला लेखी कळवले जात नसेल, तर पुढच्या वर्षी तो नव्याने लिहिण्यास पालकांनी कशासाठी जमावे? असे कळवण्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. शिक्षण विभागाचे एक परिपत्रक पुरेसे आहे.