युद्धनौकांचा इतिहास की नाविकांचा?

युद्धनौकांच्या इतिहासावरील दूरचित्रवाणी मालिकांना जगभर मोठा प्रेक्षकवर्ग लाभतो. अशा मालिकांचा साचा घडविणाऱ्यांत ‘व्हिक्टरी ॲट सी’ या अमेरिकी मालिकेचे स्थान अग्रभागी आहे. दुसऱ्या महायुद्धातील सागरी संग्रामावरचे तिचे २६ भाग एनबीसीने १९५२-५३ मध्ये दाखविले. सुमारे सहा कोटी फूट चित्रफितींतून अवघी एकसष्ट हजार फूट फीत निवडण्यात आली. तिला रिचर्ड रॉजर्स यांच्या संगीताची जोड मिळाली. या कामगिरीमागील परिश्रम आणि कौशल्य कोणीही मान्य करील.

परंतु हजार फुटांतून एक फूट उचलणे म्हणजे इतिहासाविषयी निवाडा देणेच होय. ही मालिका अमेरिकी नौदलाच्या संपूर्ण सहकार्याने तयार झाली आणि तिच्यातील बहुतांश दृश्ये निरनिराळ्या नौदलांच्या छायाचित्रकारांनी टिपलेली होती. जे नौदलाला टिपावेसे वाटले नाही, ते पडद्यावर येणार कोठून? शिवाय मालिका घरोघर पाहिली जात होती, तेव्हा अमेरिकी युद्धनौका कोरियाच्या किनाऱ्यावर तोफा डागीत होत्या. विजयाचे संगीत अशा वेळी निरुपद्रवी राहत नाही.

मोहिमा आणि लढाया यांभोवती गुंफलेल्या अशा कथनात काय निसटते? १७ जुलै १९४४ रोजी कॅलिफोर्नियातील पोर्ट शिकागो येथे नौदलाच्या धक्क्यावर दारूगोळा चढविताना भीषण स्फोट होऊन ३२० माणसे ठार झाली. त्यांपैकी २०२ कृष्णवर्णीय होती. तेथे बाँब वाहणारे नाविक काळे आणि हुकूम सोडणारे अधिकारी गोरे, अशी विभागणी होती. स्फोटके हाताळण्याचे पुरेसे शिक्षण कोणालाच दिलेले नव्हते. उलट कोणती तुकडी अधिक माल चढविते यावर अधिकारी पैजा लावीत. स्फोटानंतर गोऱ्या अधिकाऱ्यांना रजा मिळाली, बचावलेल्या काळ्या नाविकांना ती नाकारण्यात आली. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच काम करण्याचा हुकूम सुटताच २५८ जणांनी नकार दिला. त्यांतील पन्नास जणांना लष्करी न्यायालयाने बंडखोर ठरवून दीर्घ मुदतीच्या सक्तमजुरीच्या शिक्षा ठोठावल्या. नौदलाने हे कलंक पुसले ते जुलै २०२४ मध्ये, म्हणजे तब्बल ऐंशी वर्षांनी!

फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकी नौदलाने वर्णभेदाचे नियम रद्द केले. नेमक्या त्याच महिन्यात मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या संदेशवहन केंद्रातील नाविक निकृष्ट अन्न आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संपावर गेले. संपाचे लोण झपाट्याने जहाजांवर पसरले. मुंबईचा कामगार त्यांच्या पाठीशी रस्त्यावर उतरला आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. ज्या तोफांच्या बळावर साम्राज्य उभे होते, त्या तोफा चालविणारे हात साम्राज्याचे राहिले नव्हते. युद्धनौकांच्या इतिहासात याहून मोठे पर्व कोणते?

असे प्रश्न विचारणे म्हणजे नाविकांच्या शौर्याचा उपमर्द करणे, असा आक्षेप घेतला जाईल. वस्तुस्थिती उलट आहे. शौर्य नाविकांचे असते. पडद्यावर मात्र ते जहाजाच्या आणि सेनापतीच्या नावे जमा होते. जहाज आपण होऊन चालत नाही. ते गोदीतला कामगार बांधतो, त्याचा खर्च करदाता सोसतो, दारूगोळा कोणीतरी पाठीवर वाहतो आणि जलसमाधी मिळते तेव्हा आत माणसे असतात.

म्हणून अशा मालिकांवर बहिष्कार घालण्याचे कारण नाही. कार्यकर्त्यांनी त्या अवश्य पाहाव्यात, आपल्या अभ्यासवर्गांत दाखवाव्यात. मात्र प्रत्येक भागानंतर विचारावे: हे जहाज कोणी बांधले, कोणाच्या पैशाने बांधले, आणि त्यावरील माणसाने ‘नाही’ म्हटले तेव्हा त्याचे काय झाले? या प्रश्नांची उत्तरे जी मालिका देईल, तिला इतिहास म्हणावे. बाकीच्यांना आरमाराची जाहिरात म्हणणे पुरे.